काट्यावरचे सत्तर किलो

जळगावातून धुळ्याकडे निघालं की पाळधीच्या अलीकडे डाव्या हाताला एक वजनकाटा लागतो. कापसाच्या हंगामात तिथे गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत येते आणि रांगेतला प्रत्येक ड्रायव्हर खिडकीमागच्या बाईला जरा बिचकून असतो. ती बाई म्हणजे रूपाली सोनवणे. वय अडतीस, अंगाने किरकोळ, आवाज मात्र माइक नसला तरी चालेल असा. नऊ वर्षं झाली तिला काट्यावर बसून, आणि या नऊ वर्षांत तिने लाख वेळा तरी एकच शब्द म्हटला असेल, "उतरा."

काट्याचा नियमच तसा आहे. गाडी लोखंडी पाट्यावर चढली की आतल्या माणसांनी खाली उतरायचं आणि पाट्याच्या बाहेर उभं राहायचं. पण लोक काय नियम पाळायला जन्माला आलेत? केळीच्या व्यापाऱ्यांची एक जुनी खोड असते. रिकाम्या ट्रकचं वजन करताना क्लीनरला केबिनमधल्या बर्थवर पोत्याखाली झोपवायचं. रिकामी गाडी तेवढी जड दिसते आणि शेतकऱ्याची केळी तेवढीच हलकी भरते. रूपालीपुढे ही खोड चालत नाही. नेहमीच्या गाड्यांची रिकामी वजनं तिला तोंडपाठ. आकडा साठ-सत्तरने वर दिसला की ती माइकवर शांतपणे म्हणते, "पोत्याखालचा भाऊ पण उतरू द्या." मग पोतं हलतं आणि एक ओशाळलेला माणूस शिडीवरून खाली येतो. रांगेतले ड्रायव्हर हसतात. काटावाली ताई बसल्या जागेवरून गाडीतला माणूस ओळखते, अशी तिची ख्याती पार पाचोऱ्यापर्यंत आहे.

त्यामुळे गेल्या डिसेंबरात तिने स्वतःची गाडी काट्यावर लावली आणि आकडा सत्तरने जास्त आला, तेव्हा त्याचा अर्थ तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

गाडी तशी नवऱ्याची. पांढरी, लहान, दुसऱ्याकडून घेतलेली. जितेंद्र ठिबक सिंचनाच्या नळ्या विकणाऱ्या दुकानात कामाला होता आणि गाडीवर त्याचा फार जीव. माणूस वाईट नव्हता. बायकोला काट्यावर नोकरी करू दिली, पगार कधी मागितला नाही, आईला सांभाळलं. पण किल्ली म्हणाल तर बारा वर्षांत एकदाही तिच्या हातात दिली नाही. रूपालीकडे लायसन होतं, लग्नाआधीचं, पाचोऱ्यात वडिलांच्या जीपवर शिकलेली होती ती. ते लायसन जितेंद्रने कपाटात लग्नाच्या अल्बमखाली ठेवून दिलं होतं. "तू नुसती बस," एवढंच म्हणायचा. ती डाव्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन नुसती बसायची. असे नवरे आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि त्यांच्या बायकांना गाडी येत नाही असं तेच लोकांना सांगत फिरतात.

दीड वर्षापूर्वीच्या मे महिन्यात दोघं शिरपूरला लग्नाला गेले होते. जेवण आटोपून निघाले. छातीत जळजळतंय, तेलकट झालं, असं म्हणत त्याने नरडाण्यापर्यंत गाडी आणली आणि तिथे रस्त्याच्या कडेला थांबवली. शर्ट पाठीला चिकटला होता. तो उतरला, फिरून डावीकडे आला, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने किल्ली तिच्या हातात ठेवली. तिथून धुळं पंचवीस मिनिटांचं. रूपालीने गाडी पळवायला घेतली, आणि शेजारून सुरू झालं. "हळू घे." तिने जरा वेग वाढवला की तो डावा हात पुढे टेकवायचा आणि पायाने खालचा पत्रा दाबायचा, जणू तिथेही एक ब्रेक आहे. मध्येच त्याच्या आईचा फोन आला. तो हळू आवाजात काहीतरी बोलला, मग नुसतं 'हो, हो आई' म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर तर त्याने जपच धरला, हळू, रूपा, तुला गाडी यायची नाही, हळू. आणि ती ऐकत गेली. नवऱ्याचं ऐकायची सवय अशी ऐन वेळेला सुटत नाही. सोनगीरच्या पुढे तो बोलायचा थांबला तेव्हा तिला वाटलं, आता बरं वाटत असेल.

धुळ्याला पोचायला पाऊण तास लागला होता. डॉक्टरने नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि सरळ म्हणाला, "वीस मिनिटं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं."

ही वीस मिनिटं रूपालीने कुणाला सांगितली नाहीत. सासूला तर नाहीच. पुष्पाबाई पिंप्राळ्याच्या त्या दोन खोल्यांच्या घरात तिच्याबरोबर राहायच्या, एका ताटात जेवायच्या, पण त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं, किती वेळ लागला, हे त्यांनी दीड वर्षात एकदाही विचारलं नव्हतं. न विचारण्यातच सगळं आलं, असं रूपालीने मनाशी धरलं होतं. दोघींनी मिळून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जितेंद्रच्या नावाची घागर भरली, आगारी म्हणून विस्तवात घास टाकला, सगळं रीतसर केलं. घागरीवर खरबूज ठेवताना पुष्पाबाईंनी ते पुन्हा पुन्हा सरळ केलं आणि रूपालीला तेवढ्यानेही चोरासारखं वाटलं.

ऑक्टोबरात एका जिनिंगवाल्याचा पुतण्या, पियुष नावाचा, लाल गाडी घेऊन काट्यावर आला. गाडी रिकामी, तरी त्याला वजन हवं होतं. रूपालीने कारण विचारलं. तो म्हणाला, इंदूरकडे एक ट्रॅक झालाय, बंद रस्ता, नुसती वळणं, समोरून कोणी येत नाही. डिसेंबरात दोन दिवस सगळ्यांना खुला आहे. आपली रोजची गाडी न्यायची, पैसे भरायचे आणि पाहिजे तेवढी पळवायची. गाडीतलं वजन जितकं कमी तितकं बरं.

"पाहिजे तेवढी?" रूपालीने विचारलं.

"तिथे कोणी हळू म्हणत नाही, ताई. हळू चालवली तर उलट ओरडतात."

तिने पावती फाडून त्याच्या हातात दिली आणि हात तसाच खिडकीबाहेर राहिला. "बायांना घेतात का?"

"लायसन असलेल्याला घेतात."

लोकांना वाटलं, बाईला हौस आली. विधवेला हौस आली म्हटल्यावर पिंप्राळ्याला महिनाभर विषय पुरला. खरं कारण हौसेचं नव्हतंच. तिला एकदा गाडी पळवून बघायची होती. बाजूला कोणी नसताना, कोणी हळू म्हणत नसताना आपण पळवू शकतो का, हे तिला कळायला हवं होतं. पळवता आली, तर त्या दिवशीही आली असती. नाही आली, तर मग जितेंद्र म्हणायचा तेच खरं. दोन्हीकडून मार तिलाच बसणार होता, पण मधल्या मध्ये लोंबकळून तिचा जीव कातावला होता.

तिने पावतीबुकाच्या पाठकोऱ्या बाजूवर खर्च मांडला. प्रवेश साडेनऊ हजार. चार टायर अठरा हजार, कारण जुन्या टायरांवर ट्रॅकवाले आत घेत नाहीत. पुढचे ब्रेक पॅड बावीसशे, ब्रेक ऑइल सहाशे. हेल्मेट साडेचार हजार, स्कूटरचं चालत नाही. पेट्रोल जाऊन-येऊन आणि ट्रॅकवर पिणार ते धरून पाच हजार. टोल नऊशे. लॉज अठराशे. 'इतर' म्हणून दोन हजार, कारण इतर हे असतंच. एकूण साडेचव्वेचाळीस हजार. काट्याच्या आसपासच्या बायकांची पन्नास हजारांची भिशी होती आणि नोव्हेंबरात तिचाच नंबर निघाला. आता माघार घ्यायला कारणच उरलं नाही. भिशीच्या पैशातून बाया फ्रिज घेतात, हिने ब्रेक घेतले.

पुष्पाबाईंना तिने सांगितलं तेव्हा त्या लसूण सोलत होत्या. "कितला दिन?" एवढंच विचारलं.

"दोन दिवस."

"बरं," म्हणाल्या आणि लसूण सोलत राहिल्या.

गाडी कय्युमभाईंकडे गेली. पिंप्राळ्यात त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे, साठी ओलांडलेला माणूस, हाताला नुसत्या स्पर्शाने नट किती घट्ट आहे ते कळतं. आधी त्यांनी रूपालीची यथेच्छ टिंगल केली. "बेटी, लोग बुढापे में हज को जाते, तू चक्कर मारने चली." पण काम मनापासून हाती घेतलं. पॅड बदलले, ऑइल बदललं, मागचं सीट काढलं, स्टेपनी, जॅक, चटया, डिकीतली जितेंद्रच्या नळ्यांची सँपलं, सगळं बाहेर. रोज संध्याकाळी रूपाली गाडी काट्यावर न्यायची, काय कमी झालं ते बघायची.

पहिल्या दिवशी, काही काढायच्या आधी, आकडा आला नऊशे तीस. आरसीबुकात होते आठशे साठ. आधी तिने काटाच चुकतोय असं म्हणून पाहिलं. गाडी खाली घेतली, रिकाम्या पाट्याचा आकडा पाहिला, शून्य. मालकाचा ट्रॅक्टर चढवला, बरोबर. गाडी पुन्हा चढवली, नऊशे तीस. तिने डिकी उघडली, सीटखाली हात घातला, दारांच्या पत्र्यांवर टकटक केलं. सामान निघत गेलं तसा आकडा उतरत गेला, अगदी हिशेबाने. शेवटी गाडी आठशे भरायला हवी होती आणि भरली आठशे सत्तर. वरचे सत्तर जागचे हलले नाहीत.

जितेंद्र किती किलोचा होता हे तिला माहीत होतं. काटा बंद व्हायच्या वेळी तो तिला घ्यायला यायचा आणि पाट्यावर उभा राहून म्हणायचा, "बघ, वाढलो का?" तो कधी वाढला नाही. ती खिडकीतून ओरडायची, "सत्तर. उतरा आता."

मग ब्रेकचं प्रकरण सुरू झालं. नवे पॅड घालून आठ दिवस झाले नाहीत तो चाक डावीकडून वाजायला लागलं. कय्युमभाईंनी चाक खोलून पाहिलं. उजवा पॅड नवाकोरा आणि डावा पार पत्र्याला टेकलेला. असं होतं कधी कधी, म्हणाले, एखादी पिन अडकली असेल. त्यांनी पिना बदलल्या, ग्रीस लावलं, दोन्ही पॅड पुन्हा नवे घातले. 'इतर'चे दोन हजार त्यातच गेले. पुढच्या चार दिवसांत डावा पुन्हा खलास. चाकाच्या वरची फट बोटांनी मोजली तर उजवीकडे चार बोटं बसायची आणि डावीकडे तीन.

"बेटी," कय्युमभाई चाकाशेजारी उकिडवे बसून म्हणाले, "ये बाजू से ब्रेक कौन दबाता?"

तिला उत्तर माहीत होतं. धुळे रोडला रिकाम्या पट्ट्यावर ती गाडी काढायची, साठ झाले, सत्तर झाले, आणि मग तिचा पाय गॅसवर असताना गाडी आपोआप जड व्हायची. कोणीतरी पदर धरून मागे ओढावं तशी. ती जोर लावायची, गाडी आणखी जड व्हायची. पन्नासवर आली की मोकळी. डाव्या बाजूला काहीच दिसायचं नाही, वास नाही, आवाज नाही. फक्त त्या सीटचं रेक्झिन मधोमध दबलेलं दिसायचं, आणि ती हात लावायची नाही. भीती तर वाटायचीच, पण भीतीपेक्षा जास्त तिला संताप यायचा. मेल्यावरसुद्धा किल्ली देत नाही हा माणूस, असं वाटायचं, आणि लगेच त्याचा घामेजलेला चेहरा आठवून रडू फुटायचं.

कय्युमभाई आधी टेस्टला तिच्या शेजारी बसायचे. एका दुपारी बसले आणि गेटच्या बाहेर जायच्या आत उतरले. त्या दिवसापासून ते स्कूटरवरून गाडीच्या मागे मागे येऊ लागले. तिने कारण विचारलं तर फडक्याला हात पुसत म्हणाले, "मैं सीट पे बैठा. ऐसा लगा, किसी की गोद में बैठ गया."

रूपाली म्हणाली, मग सीटच काढून टाका. त्यांनी सीट काढलं. काट्यावर सीटच्या वजनाइतकं कमी झालं, सत्तर तसेच. दुसऱ्या दिवशी ती गॅरेजला गेली तर कय्युमभाईंनी सीट परत बसवलेलं. विचारलं तर नजर चुकवत म्हणाले, "इतना लंबा रास्ता है. खड़ा रखेगी क्या उसको?"

घरी पुष्पाबाई ओट्यावर बसलेल्या असायच्या. त्यांना मोतीबिंदू, दिसायचं कमी, कान मात्र तिखट. एका संध्याकाळी रूपाली गाडी लावून आली तर त्यांनी विचारलं, "तुनासंगे कोन उनं?"

"कोणी नाही, आई."

"मंग दोन दरवाजा कसा वाजनात?"

रूपाली चप्पल काढता काढता थांबली. तिने एकच दार लावलं होतं. पुष्पाबाई उठून आत गेल्या आणि रूपालीने पाहिलं, त्यांनी गॅसवर चहा तीन कपांचा टाकला होता.

जायच्या आदल्या संध्याकाळी रूपालीने हेल्मेट डोक्यावर घालून पाहिलं, काढलं, पिशवीत भरलं. पुन्हा काढलं. जेवायला बसल्यावर ती भाकरी नुसती कुस्करत राहिली. ही गाडी साठच्या वर जाणार नाही, आपण ट्रॅकवर गेलो तरी मुंगीसारखं फिरून येऊ, पोरं मागून हॉर्न मारतील, आणि परत येताना त्याच नरडाण्यावरून यायचं. एवढा पैसा, एवढी बोलणी खाऊन, त्या वीस मिनिटांचं उत्तर काही मिळणार नाही.

"आई," ती म्हणाली, "गाडी सत्तर किलो जास्त भरतेय. सगळं काढलं तरी."

पुष्पाबाईंचा घास हातात राहिला. कितीने जास्त, कधीपासून, काटा बरोबर आहे का, यातलं काही त्यांनी विचारलं नाही.

"सकायले मी बी येस काटापर्यंत," शेवटी म्हणाल्या. "तठून रिक्षामा परत येसू."

सकाळी उजाडायच्या बेतात दोघी निघाल्या. थंडी कडक होती, कपाशीच्या शेतांवर धूर साचल्यासारखं धुकं. डाव्या सीटवर पुष्पाबाई बसल्या. बसल्या म्हणजे दाराशी सरकून, अंग चोरून, एसटीत दोघांच्या सीटवर तिसऱ्याला जागा द्यावी तशा. रूपालीने पन्नासच्या वर गाडी नेली नाही.

काट्यावर अजून कोणी नव्हतं. तिने कुलूप उघडलं, गाडी पाट्यावर घेतली, पुष्पाबाईंना हात धरून खाली उतरवलं आणि पाट्याच्या बाहेर उभं केलं. मग आत जाऊन खिडकीमागे आपल्या खुर्चीवर बसली. लाल आकडे जळत होते. आठशे सत्तर.

रूपालीने माइक उचलला. नऊ वर्षांत तिला या शब्दाची कधी लाज वाटली नव्हती. आज वाटली.

"उतरा," ती म्हणाली.

बाहेरच्या भोंग्यातून तिचाच आवाज मोकळ्या आवारात फिरून आला. आकडा हलला नाही. ती पुन्हा म्हणाली. मग नियम सांगावा तसं म्हणाली, काट्यावर गाडीत कोणी बसायचं नाही. मग माइक हातात तसाच धरून ती रडत म्हणाली, "अहो, उतरा ना. मला जाऊ द्या." आकडा आठशे सत्तर. बारा वर्षांत त्याने तिचं कधी ऐकलं नव्हतं, आता काय ऐकणार होता.

पुष्पाबाई तेवढ्यात पुढे आल्या. चाचपडत त्या पाट्यावर चढल्या. आकडा नऊशे वीस झाला. गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन त्यांनी दार उघडलं आणि दाराला धरून उभ्या राहिल्या. खिडकी उघडी होती, आवारात दुसरा आवाज नव्हता, रूपालीला एकेक शब्द ऐकू येत होता.

"जितू," त्या म्हणाल्या. शाळेसाठी पोराला उठवावं तितक्या हळू. "उतर भाऊ."

काहीच झालं नाही. पुष्पाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"त्या रोज मी फोन कया, तू सांगं, आई छातीमा दुखस, रूपा गाडी चालाडी राह्यनी. मना जीव घाबरना. मीच तुले सांगं, तिले गाडी येत नही, तिले सांग हळू चालाड, काही बी व्हवो पन हळू. मन्ही शपथ घाली तुले." त्यांचा आवाज फाटला. "तू जलमभर मनं ऐकं. तठे बी मनंच ऐकं. तिना काही गुन्हा नही रे. मना शे. दीड वरीस मी तिले तोंड दाखाडी राह्यनू, पन बोलनू नही. आते मी बोली दिन्ह. आते तू ब्रेकवरथून पाय काढ. ऊठ. घर जाऊत."

रूपाली खुर्चीत खिळली होती. दीड वर्षं तिला वाटत होतं, सासू आपल्याला माफ करत नाही. आणि ती म्हातारी त्याच दोन खोल्यांत, तिच्याच ताटात, त्या फोनवर घातलेल्या 'हळू'च्या शपथेचं एवढं ओझं घेऊन जेवत होती. तिला उठून धावत बाहेर जावंसं वाटलं आणि तिची नजर आकड्यावरून हलेना.

नऊशे वीस. नऊशे वीस.

पुष्पाबाईंनी हात पुढे केला, तळवा वर, उंच पायरीवरून कुणाला उतरवताना करतात तसा. थोडा वेळ तो हात तसाच हवेत होता. मग त्यांची बोटं मिटली. त्यांनी दुसऱ्या हाताने दार लावलं आणि एकेक पाऊल मागे टाकत त्या पाट्यावरून खाली उतरल्या.

पुष्पाबाई पन्नास किलोच्या. त्या उतरल्यावर आकडा आठशे सत्तरवर यायला हवा होता. तो आठशेवर आला आणि तिथेच थांबला.

रूपाली बाहेर आली. पुष्पाबाई आवाराच्या फाटकाकडे निघाल्याही होत्या, उजवा हात अंगापासून जरा लांब धरून. चाल अगदी सावकाश, दोन पावलं टाकली की थांबायच्या. रूपाली मागून धावली आणि पाच हातांवर पोचल्यावर तिचे पाय आपोआप अडले.

"आई, मी सोडते घरी."

"नको," पुष्पाबाई मागे न बघता म्हणाल्या. "याले मी घर लई जास. तू जाय आते. तुनी गाडी मोकळी व्हयनी."

पाळधीकडून एक शेअर रिक्षा आली. पुष्पाबाईंनी डावा हात केला. रिक्षावाल्याने विचारलं, आजी, पिंप्राळा का? त्यांनी मान हलवली, कमरेची पिशवी सोडली, चाचपून पैसे काढले आणि त्याला दिले. त्याने मोजून पाहिले आणि अर्धे परत करू लागला, "आजी, तुम्ही तर एकट्याच."

"दोन सीट," पुष्पाबाई म्हणाल्या. आधी त्या बाजूला उभ्या राहिल्या, कुणीतरी पुढे चढेपर्यंत थांबावं तेवढा वेळ. मग चढल्या आणि कडेला सरकून बसल्या.